मार्च एंडच्या आत सिस्टीम हलवू नकोस

लंडन
21 डिसेंबर 2025

चि. संतोष,
अनेक आशीर्वाद.

वेळ अमावस्येचे आखाड्यावरचे फोटो पोचले. भज्जीचं पातेलं आणि आंबिलीची बिंदगी दोन्ही दिसली, कडब्याच्या कोपीत कोण बसलंय ते मात्र अंधारात कळेना.

बँकेच्या मंडळानं 31 मार्चच्या आत सगळ्या शाखा नव्या सीबीएसवर (कोअर बँकिंग सिस्टीम, म्हणजे सगळ्या शाखांचं एकच मुख्य सॉफ्टवेअर) न्यायचा ठराव केला, आणि तू विचारतोस की सर्व्हर कोणत्या कंपनीचा घ्यावा. सर्व्हरचं शेवटी सांगते. आधी तो ठराव बदलून घे.

मार्चमध्ये पीककर्जाची वसुली, एनपीएची (थकीत कर्जांची) वर्गवारी, व्याजाची आकारणी, ऑडिटरची ये-जा सगळं एकदम असतं. ज्या शाखाधिकाऱ्यानं नव्या सिस्टीमचे आकडे तपासायचे, तोच जुन्या ताळेबंदात गळ्यापर्यंत बुडालेला असतो. फरक निघालाच तर तो हलवाहलवीनं निघाला की वर्षअखेरच्या नोंदींनी, हेही सांगता येत नाही. दुसऱ्या शनिवारी बँक बंद असते. खरिपाच्या कर्जवाटपाची गर्दी ओसरली की 8 ऑगस्टचा शनिवार धर. शुक्रवारी रात्री 10 ला डे-एंड (दिवसअखेरचा हिशोब) संपवून सोमवारी सकाळी 8 पर्यंत 58 तास हातात येतात. तेवढा वेळ एटीएम आणि यूपीआय बंद राहणार हे आठ दिवस आधी एसएमएसनं कळवा, आणि शाखेच्या दारावर कागदही लावा. एसएमएस कुणी वाचत नाही.

आता ते 58 तास उलटे मोज. समज, रंगीत तालमीत डेटा चढवायला 26 तास लागले आणि ताळमेळ बघायला 8. म्हणजे रविवारी सकाळी 8 ला काम उरकतं. तालमीत जुन्या सिस्टीमवर परत यायला 14 तास लागले, वर 4 तास अडीअडचणीला ठेव. सोमवारच्या 8 मधून हे 18 तास वजा केले की रविवारी दुपारचे 2 येतात. दुपारी 2 पर्यंत ताळमेळ जुळला नसेल तर परत फिरायचं, चर्चा नाही. हा निर्णय एकाच माणसाचा, त्याचं नाव आधीच कागदावर लिहिलेलं. त्या वेळी समितीची बैठक लावली तर "अजून अर्धा तास बघू" असं म्हणत संध्याकाळचे 7 वाजतात आणि परतीची वाट आपोआप बंद होते. सोमवारी काउंटर उघडून नव्या सिस्टीमवर व्हाउचर पडायला लागली की परत येणं दसपट अवघड, कारण ती व्हाउचर जुनीकडे न्यायची सोय कुणीच केलेली नसते.

तालमी तीन तरी हव्यात, पूर्ण डेटावर, ज्या यंत्रावर खरं काम चालणार त्याच यंत्रावर. गुत्तेदार दहा टक्के डेटा चढवून दाखवतो आणि वेळेला दहानं गुणतो. हा हिशोब खोटा ठरतो. डेटा वाढला की इंडेक्स (डेटा शोधायची सूची) बांधायला लागणारा वेळ सरळ पटीत वाढत नाही, आणि डिस्कही मध्येच दमते.

ताळमेळ म्हणजे नुसती एकूण ठेव जुळवणं नव्हे. शाखानिहाय प्रत्येक जीएलची (मुख्य खातेवहीतल्या खात्याची) शिल्लक, प्रत्येक योजनेतल्या खात्यांची संख्या, जमा झालेलं पण न दिलेलं व्याज, स्थायी सूचना, वारसनोंद, लिअन (खात्यावरचा बोजा) आणि गोठवलेल्या खात्यांच्या खुणा, सोनेतारणाच्या पिशव्यांचे नंबर. फरक शून्य रुपये शून्य पैसे हवा. चार पैशांचा फरक सोडून दिलास तर त्यामागं बहुधा व्याजाच्या राउंडिंगचा वेगळा नियम असतो आणि तो सगळ्या खात्यांवर चालत राहतो. आणि नावं! जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी नावं जुन्या फॉन्टच्या कोडमध्ये भरलेली असतील तर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं आणि रफार फुटतात. वऱ्हाडे, कुऱ्हाडे, ज्ञानोबा, लक्ष्मीबाई अशी दोनशे नावं निवडून ठेव आणि प्रत्येक तालमीनंतर ती डोळ्यांनी वाच. कंप्युटरला ती चूक दिसत नाही, पासबुक छापलं की खातेदाराला दिसते.

इथल्या टीएसबी बँकेचं उदाहरण मंडळापुढं ठेव. एप्रिल 2018 मध्ये त्यांनी 52 लाख ग्राहक एकाच शनिवार-रविवारी नव्या सिस्टीमवर नेले. डेटा नीट गेला. नवी सिस्टीम उघडून लोक लॉगिन करायला लागले आणि ती बसली. 19 लाखांपर्यंत ग्राहक आपल्याच खात्याबाहेर अडकले. दोन डेटा सेंटर होती, भाराची चाचणी एकावरच झालेली, आणि दोन्हींची रचना हुबेहूब सारखी नव्हती. 2022 मध्ये बँकेला 4 कोटी 86 लाख 50 हजार पौंड दंड झाला. पुढच्या वर्षी आयटी प्रमुखालाही वैयक्तिक 81,620 पौंड. पुरवठादार आणि त्याच्या हाताखालचे उपपुरवठादार तयार आहेत का, याची नीट खातरजमा केली नाही हे कारण. तेव्हा गुत्तेदाराचं "सर, सगळं रेडी आहे" हे पत्र फायलीला लावून मोकळा होऊ नकोस. कोणती चाचणी, किती एकाच वेळचे वापरणारे, कोणत्या तारखेला, निकाल काय, हे मागून घे.

बॅकअपबद्दल तू लिहिलंस की रोज रात्री होतो. छान. परत किती वेळात चढतो? तुमचा डेटा 2 टीबी धर. एकाच खोलीतल्या 1 जीबीपीएसच्या नेटवर्कवरून सेकंदाला 110 एमबी मिळाले तरी 5 तास. तोच बॅकअप दुसऱ्या गावी असेल आणि मधली लीज लाइन 20 एमबीपीएसची, तर सव्वानऊ दिवस. सव्वानऊ दिवस बँक बंद! म्हणून महिन्यातून एकदा बॅकअप खरोखर दुसऱ्या यंत्रावर चढवून बघ, घड्याळ लावून, आणि चढलेल्या डेटावर एका शाखेचा डे-एंड चालवून दाखव. गिटलॅब कंपनीत 31 जानेवारी 2017 ला एका इंजिनिअरनं चुकून चालू डेटाबेस पुसला, तेव्हा कळलं की बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. बॅकअपचं साधन एका आवृत्तीचं, डेटाबेस दुसऱ्या. काम रोज फसत होतं, आणि फसल्याचे ईमेल मध्येच नाकारले जात होते. "सक्सेस" चा मेल आला नाही तर ओरडणारी व्यवस्था हवी. फसल्याचा मेल येईल या भरवशावर राहायचं नाही.

मंडळाला आरटीओ-आरपीओ (किती वेळात परत उभं राहायचं, किती वेळचा डेटा गेला तर चालेल) असे शब्द सांगितले तर ते चहा मागवतील. दोनच प्रश्न विचार. काउंटर किती वेळ बंद चालेल? आणि किती मिनिटांची व्हाउचर कागदावरून पुन्हा मारायची तयारी आहे? प्रत्येक सिस्टीमपुढं उत्तर लिहून घे आणि सही घे. सीबीएस, एटीएम स्विच (एटीएमचे व्यवहार जोडणारी यंत्रणा), एनईएफटी-आरटीजीएस, चेक क्लिअरिंग यांचं उत्तर वेगळं, हजेरीच्या यंत्राचं वेगळं. सगळंच महत्त्वाचं असं कुणी म्हणालं तर खर्चाचा आकडा दाखव, यादी आपोआप लहान होते.

दुसरी साइट, म्हणजे मुख्य जागा बंद पडली तर चालवायची राखीव जागा, औशाला करायचा विचार सोड. लातूर-औसा एकाच फायबरवर, एकाच भागातल्या विजेवर, आणि किल्लारीचा 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप आपल्याकडं कुणाला आठवून द्यावा लागत नाही. एकाच धरणावर विसंबल्यावर काय होतं तेही 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा दिसलं. साइट दूरच्या, वेगळ्या भूकंप क्षेत्रात हवी, आणि एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तुटलेली. 2017 च्या जूनमध्ये मर्स्क या जहाज कंपनीवर नॉटपेट्या नावाचं डेटा नासवणारं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा त्यांचे जगभरचे डोमेन कंट्रोलर (कोण लॉगिन करू शकतो ते ठरवणारे सर्व्हर) एकमेकांना जोडलेले असल्यानं सगळे एकदम गेले. वाचला तो घानामधला एक, कारण त्या वेळी तिथं वीज गेली होती. भारनियमनानं कंपनी वाचवली म्हण! त्यावरून त्यांनी दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 कंप्युटर पुन्हा उभे केले.

वीज निघालीच आहे तर बॅटरीचं बघ. 25 अंशांवर 5 वर्षं चालेल असं लिहिलेली सीलबंद बॅटरी 35 अंशांत साधारण अडीच वर्षांत संपते, आणि शाखांमध्ये यूपीएस जिन्याखाली, बिनपंख्याच्या खोलीत असतो. मे महिन्यात तिथं हात घालून बघ. शाखेत दोन वर्षांनी बॅटरी बदलायचा खर्च आत्ताच अंदाजपत्रकात धर. जनरेटर दर शनिवारी पाच मिनिटं रिकामा चालवतात, त्याला चाचणी म्हणत नाहीत. मेन पाडून, पूर्ण भारावर, एसीसकट तासभर चालव.

करारातल्या टक्क्यांना भुलू नकोस. 99.9 टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद. पण सीबीएस, नेटवर्क, स्विच, वीज, एसएमएस अशा पाच कड्या एकीला एक लागून असतील तर पाचींचे मिळून जवळजवळ 44 तास होतात, आणि प्रत्येक गुत्तेदार कागदोपत्री करारात बसतो. खातेदाराला व्यवहार करता आला का, हे मोजायचं कलम घाल. जुलै 2024 अखेरीस लहान बँकांना सेवा देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं तिला तोडलं. सुमारे 300 सहकारी आणि ग्रामीण बँकांचे स्वतःचे सर्व्हर ठणठणीत असूनही यूपीआय थांबलं. असा प्रकार झाला तर सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) 6 तासांत कळवावं लागतं. कुणी, कुठल्या नंबरवरून, हे छापून भिंतीला लाव. फोनची यादी कंप्युटरमध्ये ठेवलीस तर नेमकी त्याच दिवशी ती उघडणार नाही.

वेबसाइटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटांची मुदत संपायची तारीख लिहायला एक वही कर. 15 मार्च 2026 पासून नव्या वेब सर्टिफिकेटांची मुदत जास्तीत जास्त 200 दिवस, 2027 मध्ये 100 आणि 2029 मध्ये 47. आता वर्षातून एकदा आठवण ठेवून भागणार नाही.

सर्व्हर कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचा घे. फक्त विचार की पॉवर सप्लाय आणि डिस्क लातुरात ठेवलेली आहे की पुण्याहून गाडीनं येणार. "चार तासांत इंजिनिअर" असं लिहिलेलं असतं, इंजिनिअर येतोही, हात हलवत.

पहिल्या तालमीचा वेळांचा कागद झाला की त्याचा फोटो पाठव. आई-दादांना नमस्कार, आणि कोपीत कोण होतं ते कळव.

तुझी
ताई