युटा ट्रिपवाल्यांनो, निघायच्या आधी हे वाचा

मंडळी, शनिवारी सकाळी बरोबर ६ वाजता लास वेगासच्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये जमायचंय. युटात शिरलो की घड्याळ एक तास पुढे जातं, त्यामुळे उशीर करू नका प्लीज, झायन नॅशनल पार्कला पार्किंग लवकर भरतं आणि आत कॅन्यनमध्ये आपली गाडी चालत नाही, शटलनेच जायचं.

- पाणी माणशी रोज ४ लिटर. आर्चेस नॅशनल पार्कला डेलिकेट आर्च या दगडी कमानीच्या वाटेवर सावली जवळजवळ नाहीच, मागच्या वेळी माझी बाटली अर्ध्यातच संपली आणि ओठ पार फुटले होते.
- ब्राइस कॅन्यन पार्क ८००० फुटांच्या वर आहे, ऑक्टोबरात पहाटे कडाक्याची थंडी. स्वेटर, कानटोपी हवीच.
- झायनमधल्या एंजल्स लँडिंगच्या चढाईला परमिट लागतं, ज्यांना मिळालंय त्यांनी प्रिंट ठेवा, रेंजचा भरवसा नाही.
- ड्रोन आणू नका, नॅशनल पार्कात बंदी आहे.

आणि एक कळकळीची विनंती, मुलांनाही सांगा, पायवाट सोडू नका. तिथल्या मातीवर काळपट, खडबडीत साय धरल्यासारखा थर असतो, तो जिवंत असतो, एका पावलाने मोडतो आणि परत यायला कित्येक वर्षं लागतात.

कोण कुठल्या गाडीत ते गुरुवारपर्यंत इथेच कळवा.