केदारनाथच्या खेचरांसाठी : उत्तराखंडच्या पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री, उत्तराखंड
स. न. वि. वि.

मी पुण्याचा. या मे महिन्यात गौरीकुंडाहून केदारनाथला चालत गेलो. २०१३च्या प्रलयात रामबाड्याची जुनी वाट मंदाकिनीने नेली, तेव्हापासून नदी ओलांडून लिंचोलीची खडी चढण चढावी लागते. त्या चढणीवर एक खेचर बसलं ते उठेना. खोगीर उतरवलं तर पाठ तळहाताएवढी सोललेली, जखमेत हळद भरून वर पोत्याचा तुकडा. सोबतचा पोरगा त्याला हातावर गूळ चाटवत होता आणि रडत होता. सकाळपासूनची दुसरी फेरी होती. मालकाने ठरवलेल्या फेऱ्या तो नाकारणार कशा?

ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ पासून केंद्राचे नियम आहेत : दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांनंतर विश्रांती द्यायचीच. ते गौरीकुंडातच पाळले जाऊ शकतात. सकाळी गेलेल्या जनावराला त्या दिवशी पुन्हा वर सोडू नये. निघण्याआधी पशुवैद्याने खोगीर उतरवून पाठ पाहावी. आणि जखमी जनावर थांबवलं तर त्या दिवसाची मजुरी पोराला मिळावी, नाहीतर जखमा लपवल्याच जातील. माझ्या मते सगळं या शेवटच्या गोष्टीवर अडलं आहे.

सोनप्रयागहून १२.९ किलोमीटरचा रोपवे २०२५ मध्ये मंजूर झाला, हे ठाऊक आहे. पण तो होईपर्यंत माणसं या पाठींवरूनच जाणार.

आमच्याकडे वारीच्या रिंगणात माउलींच्या अश्वावर कुणी बसत नाही. त्याच्या टापांखालची माती आम्ही कपाळाला लावतो. आणि केदारनाथाला तर आपण पूजतो ती पाठच. पांडवांना टाळताना महादेव महिष होऊन जमिनीत शिरले, पाठ तेवढी वर राहिली, अशी कथा आहे. गाभाऱ्यात त्या शिळेला तूप लावताना मला लिंचोलीची ती सोललेली पाठ दिसत होती. हात थरथरला.

पुढच्या वर्षी आईला यायचं आहे. ती एकाहत्तर वर्षांची आहे, गुडघे गेलेत, चालणं शक्य नाही. तिला घोड्यावर बसवायचं की पुण्यातच थांबवायचं, हे तुमचं उत्तर आल्यावर ठरवीन.

आपला,
एक यात्रेकरू