कोणी पिकवले, हे विचारता यावे

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही परवा विचारलेला प्रश्न फोनवर दोन वाक्यांत उरकण्याजोगा नव्हता, म्हणून सवडीने लिहीत आहे. खाण्याच्या वस्तू जवळपास पिकलेल्या घ्याव्यात, सचोटीने पिकवलेल्या घ्याव्यात असे सगळीकडून कानावर येते. पण ठरावीक निवृत्तिवेतनात घर चालवणाऱ्या आणि रोज पिशवी घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाने हे ओळखायचे कसे, असे तुम्ही विचारलेत. आईचा प्रश्न याहून थेट होता: दोन पैसे जास्त मोजून आपण नक्की कोणाचे भले करतो? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

आधी अंतराविषयी, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहे. लांबून आलेले अन्न म्हणजे इंधनाचा धूर आणि जवळचे अन्न म्हणजे स्वच्छ हवा, असा हिशेब सर्रास मांडला जातो. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील दोन संशोधकांनी २००८ मध्ये तिथल्या कुटुंबांच्या अन्नाचा शेतापासून दुकानापर्यंतचा हिशेब केला, तेव्हा तापमानवाढ करणाऱ्या वायूंपैकी सुमारे ८३ टक्के वायू उत्पादनाच्याच टप्प्यात बाहेर पडतात आणि सगळ्या वाहतुकीचा वाटा जेमतेम ११ टक्के असतो, असे आढळले. उत्पादकाकडून दुकानापर्यंतच्या शेवटच्या प्रवासाचा वाटा तर ४ टक्केच होता. थंड प्रदेशात, ऐन हिवाळ्यात, गरम ठेवलेल्या काचगृहात वाढवलेला टोमॅटो शेजारच्या गावातला असला, तरी तो दूरच्या उबदार प्रदेशात उघड्या शेतावर पिकून आलेल्या टोमॅटोपेक्षा जास्त इंधन खाऊ शकतो. अपवाद विमानाने येणाऱ्या मालाचा. जहाजाच्या तुलनेत विमानाने तेवढेच वजन तेवढ्याच अंतरावर नेताना कित्येक पटींनी जास्त वायू बाहेर पडतात. सुदैवाने असा माल थोडा असतो आणि तो ओळखणेही अवघड नाही: जे नाजूक आहे, दोन-चार दिवसांत खराब होते आणि तरीही दुसऱ्या खंडातून ताजे टवटवीत येऊन पोहोचले आहे, ते बहुधा विमानानेच आलेले असते. तेवढे टाळावे आणि बाकी किलोमीटर मोजत बसू नये, असे मला वाटते.

मग जवळचे का घ्यायचे? मला यातले सर्वांत मोठे कारण असे दिसते की जवळच्या माणसाला विचारता येते. ज्याने पिकवले तो, किंवा ज्याने थेट त्याच्याकडून आणले तो, समोर उभा असतो. आपण प्रश्न विचारतो, तो उत्तर देतो, आणि पुढच्या आठवड्यात आपण पुन्हा तिथेच जाणार हे दोघांनाही ठाऊक असते. या ओळखीमुळे दोन्ही बाजूंना सचोटीने वागावेसे वाटते. मधे पाच-सहा हात आले की कोणालाच कोणाला उत्तर द्यावे लागत नाही.

मात्र विचारण्याचीही एक पद्धत असते. 'माल ताजा आहे ना?' किंवा 'औषध मारलेले नाही ना?' असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी याची तोडणी कोणत्या दिवशी झाली, शेवटची फवारणी कशाची केली होती आणि त्यानंतर किती दिवसांनी तोडले, यंदा पाण्याचे कसे आहे, तोडणीला माणसे कुठून येतात आणि त्यांना मजुरी रोजाने देता की वजनावर, असे विचारावे. यातला फवारणीचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. प्रत्येक कीटकनाशकासाठी शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस जाऊ द्यायचे हे ठरलेले असते, आणि ते दिवस न पाळता तोडलेल्या मालावर औषधाचा अंश जास्त राहण्याची भीती असते. ज्याने स्वतः पिकवले आहे, तो या प्रश्नाला अडखळत का होईना, पण नेमके उत्तर देतो: अमुक किडीसाठी मारले, इतके दिवस थांबलो. ज्याने पहाटे घाऊक बाजारातून माल उचलला आहे, त्याला हे सांगताच येणार नाही. तो लबाड असतो असे मुळीच नाही; त्याच्यापर्यंत ती माहिती कोणी पोहोचवलेलीच नसते.

आई, तुला तर न विचारताही पुष्कळ कळेल. जो स्वतःच्या शेतातले विकायला आणतो, त्याच्यापुढे थोडेच प्रकार असतात, ते सगळे एकाच हंगामातले असतात, त्यांचा आकार कमी-जास्त असतो, आणि हंगाम सरला की ती वस्तू त्याच्याकडून पूर्णपणे नाहीशी होते. बाराही महिने सगळेच मांडलेले आणि सगळे एकसारख्या आकाराचे दिसले, तर तो माल दुसरीकडून येतो, असे समजायला हरकत नाही.

उत्पादक आणि ग्राहक यांनी एकमेकांशी थेट बांधून घेण्याचा एक जुना प्रयोग मला फार आवडतो. १९७० च्या दशकात जपानमध्ये शेतीतील रसायनांची आणि प्रदूषणाची धास्ती घेतलेल्या ग्राहकांनी, त्यातही विशेषतः गृहिणींनी, गट करून शेतकऱ्यांशी थेट करार केले. तिथे या पद्धतीला 'तेइकेइ' म्हणतात. शेतकऱ्याने काय आणि कसे पिकवायचे हे दोघांनी मिळून ठरवायचे आणि जे पिकेल ते सगळे गटाने घ्यायचे, मग ते वाकडेतिकडे असो की कमी-जास्त असो. ग्राहक कामाच्या दिवसांत शेतावर मदतीलाही जात. पुढे युरोप-अमेरिकेत हंगामाचे पैसे आगाऊ भरून दर आठवड्याला शेतमालाची टोपली घेण्याची पद्धत रूढ झाली, तिच्यामागचा विचारही असाच आहे. पीक बुडाले तर तोटा एकट्या शेतकऱ्याच्या माथी येत नाही. आईच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला इथे सापडते: जास्तीचे पैसे खरोखर पिकवणाऱ्याच्या हाती पडत असतील, तरच ते मोजण्याला अर्थ आहे, आणि मधले हात जितके कमी तितकी ती शक्यता जास्त.

पण काही वस्तू जवळ पिकतच नाहीत आणि त्या पिकवणाऱ्याला आपण कधीच भेटणार नाही. कोकोचेच पाहा. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार बंद करण्याचे वचन मोठ्या चॉकलेट उत्पादकांनी २००१ मध्ये लेखी दिले होते. तरीही शिकागो विद्यापीठाशी संलग्न संशोधन संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार या दोन देशांतील कोको पिकवणाऱ्या भागांत सुमारे १५ लाख ६० हजार मुले कोकोच्या कामाला जुंपलेली होती, आणि त्यांतील बहुतेकांचे काम धोक्याचे होते, म्हणजे कोयते चालवणे, जड ओझी वाहणे, औषधे हाताळणे. हा आकडा वाचल्यापासून मी चॉकलेट विकत घेताना पाकीट उलटून पाहिल्याशिवाय राहत नाही. वस्तू स्वस्त राहण्याची किंमत कोणीतरी मोजत असते, आणि इथे ती दहा-बारा वर्षांची मुले मोजत आहेत.

अशा दूरच्या वस्तूंसाठी पाकिटावरचा शिक्का हीच काय ती विचारपूस. न्याय्य व्यापाराचा, म्हणजे पिकवणाऱ्याला रास्त भाव मिळाल्याची खूण असलेला, पहिला शिक्का १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये कॉफीवर उमटला. ती कॉफी मेक्सिकोतल्या लहान शेतकऱ्यांची होती. पुढच्याच वर्षी कॉफीचे भाव सावरणारा आंतरराष्ट्रीय करार मोडला आणि भाव कोसळले, तेव्हा अशा व्यवस्थेची गरज किती होती हे उघड झाले. या व्यवस्थेत बाजारभाव पडला तरी बहुतेक पिकांना एका ठरलेल्या किमान भावाचा आधार असतो, आणि त्यावर मिळणारी वेगळी रक्कम शाळेवर खर्च करायची, विहिरीवर की गोदामावर, हे सहकारी संस्थेतले शेतकरीच मतदानाने ठरवतात.

सगळ्या शिक्क्यांची भाषा इतकी स्पष्ट नसते. मी पाहिलेल्यांत सर्वांत सरळ पद्धत युरोपीय संघातल्या अंड्यांवरची आहे. तिथे दुकानात विकल्या जाणाऱ्या अंड्याच्या कवचावर एक क्रमांक छापलेला असतो आणि त्याचा पहिला आकडाच सगळे सांगतो: ० म्हणजे सेंद्रिय, १ म्हणजे कोंबड्या बाहेर मोकळ्या फिरतात, २ म्हणजे छपराखाली पण पिंजऱ्याविना, ३ म्हणजे पिंजऱ्यात. त्यापुढे देशाची अक्षरे आणि कुक्कुटपालन केंद्राचा क्रमांक. ज्याला वाचायचे त्याला वाचता येते आणि ज्याला स्वस्त घ्यायचे तो डोळे उघडे ठेवून स्वस्त घेतो. याच्या अगदी उलट 'नैसर्गिक', 'शुद्ध', 'शेतातून थेट' हे शब्द. त्यांच्याखाली प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नाव आणि क्रमांक नसेल, तर त्या शब्दांसाठी एक पैसाही जास्त देऊ नका. बाबा, आणखी एक गोष्ट नीट पाहा: पाकिटावरचा पत्ता पुष्कळदा माल जिथे भरला त्या जागेचा असतो, आतला माल कुठे पिकला ते वेगळे लिहिलेले असते किंवा लिहिलेलेच नसते.

शिक्का नाही म्हणून लहान शेतकऱ्याला नाकारू मात्र नका. प्रमाणपत्राचे शुल्क, कागदपत्रे, दरवर्षीची तपासणी हे सगळे त्याला झेपतेच असे नाही. म्हणून तर काही ठिकाणी शेतकरी आणि ग्राहक मिळून एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात आणि गटच हमी देतो. अशी हमी मला दूरच्या कार्यालयातून आलेल्या कागदाइतकीच विश्वासाची वाटते.

आता पैशांचे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न दुकाने, उपाहारगृहे आणि घरे मिळून वाया गेले, आणि त्यातले सुमारे ६० टक्के एकट्या घरांतून गेले. तुम्हा दोघांच्या घराला याचा अर्थ सरळ आहे. पाव किलो पुरत असेल तर भाव पाडून देतो म्हणून किलोभर घेऊ नका. नासून टाकण्यात जाणारे पैसे वाचले की त्याच खर्चात दोन-तीन वस्तू चांगल्या ठिकाणच्या घेता येतात. सगळेच एकदम बदलायला जाऊ नका. जे रोज लागते आणि जे विकणारा माणूस ओळखीचा आहे, तिथून सुरुवात करा. आणि आई, तुला हे मुद्दाम सांगते: महाग पडते म्हणून स्वतःच्या ताटातले कमी करायचे नाही. डॉक्टरांनी जे खायला सांगितले आहे, ते शिक्क्याचे मिळाले नाही तर साधे आण, पण पुरेसे आण.

तुम्ही नेहमी जिथून खरेदी करता, तिथे फवारणीचा प्रश्न एकदा विचारून पाहा आणि काय उत्तर मिळाले ते मला कळवा. ज्या पाकिटावरचा शिक्का ओळखीचा वाटणार नाही, त्याच्या मागच्या बाजूचा फोटो बाबांनी पाठवावा, क्रमांक वाचता येईल असा. खरा आहे की नाही ते मी त्या संस्थेच्या यादीत पाहून त्याच दिवशी सांगेन.

तब्येतीला जपा.

तुमची लेक