मानेच्या गाठीला छेद देण्याआधी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ शेवटी आमच्या सूक्ष्मदर्शकाखाली येते, आणि डोके-मानेच्या गाठी बऱ्याचदा उलट्या क्रमाने येतात, म्हणजे आधी छेद आणि मग निदान. हा क्रम सुलटा करणारा लेखी आदेश आपल्या खात्याने काढावा, एवढ्यासाठीच हे पत्र.

प्रौढ माणसाच्या मानेत दोन आठवड्यांहून अधिक टिकलेली, घट्ट, न दुखणारी गाठ पुष्कळदा मूळ आजार नसतेच. जीभ, टॉन्सिल किंवा स्वरयंत्रातला कर्करोग लिम्फ ग्रंथीपर्यंत पोहोचल्याची ती खूण असू शकते. तोंड आणि घसा न तपासता ती उघडली, तर कर्कपेशी जखमेत पसरण्याचा धोका असतो आणि पुढच्या मोठ्या शस्त्रक्रियेत सर्जनला जुन्या व्रणातून वाट काढावी लागते. याउलट, दुर्बिणीने घसा पाहणे आणि बारीक सुईने पेशी काढून एफएनएसी करणे ही कामे बहुधा बाह्यरुग्ण विभागातच उरकतात. चाळिशीनंतर मानेच्या बाजूला द्रवाने भरलेली गाठ आली, तर तिला जन्मजात ठरवून मोकळे होणे मला बेफिकिरीचे वाटते, कारण एचपीव्ही या विषाणूमुळे होणारा टॉन्सिलचा कर्करोगही असाच दिसतो.

सुईला मर्यादा आहेत, हे मान्य. लिम्फोमाचा, म्हणजे लिम्फ ग्रंथींच्याच कर्करोगाचा, संशय असेल तर शक्यतो अखंड ग्रंथी लागते, आणि तिचा काही भाग ताजाच प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. क्षयरोगाची शंका असेल तर एक तुकडा सलाईनमध्ये हवा, कारण गाठी टिकवायच्या फॉर्मेलिन या द्रावात जंतू मरतात आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करता येत नाही. (बाटली भरणाऱ्या परिचारिकेला हे बहुधा कोणी सांगितलेलेच नसते, बोल मात्र तिलाच लागतो.)

'छोटीशी गाठ, दहा मिनिटांत काढू' ही भाषा तर थांबलीच पाहिजे. मानेच्या बाजूला, मागच्या भागात, अॅक्सेसरी नस (खांद्याच्या स्नायूचा मज्जातंतू) त्वचेखाली अगदी वरवर असते. ती कापली गेली तर खांदा उतरतो आणि हात डोक्यावर नेणे कठीण होते. कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथीतून चेहऱ्याची नस, म्हणजे मज्जातंतूच, जाते. शिवाय तिथली प्लिओमॉर्फिक अॅडिनोमा ही सौम्य गाठ नुसती कवचातून सोलून काढली, तर काही वर्षांनी अनेक गाठींच्या रूपात ती परतू शकते. मानेतली कॅरोटिड धमनी जिथे दुभंगते तिथल्या, ठोके जाणवणाऱ्या गाठीचा तुकडा घेणे म्हणजे जीवघेण्या रक्तस्रावाला आमंत्रण. तिथे आधी स्कॅनच हवा.

म्हणून आदेशात असे असावे की, तातडीचे कारण नसताना, तोंड-घशाच्या तपासणीची आणि सुईच्या किंवा स्कॅनच्या अहवालाची नोंद केसपेपरवर असल्याशिवाय मानेच्या गाठीवर शस्त्रक्रिया होणार नाही. नसेला असलेला धोका संमतिपत्रात रुग्णाच्या भाषेत लिहिला जाईल. काढलेली प्रत्येक गाठ, दिसायला कितीही साधी असली तरी, पॅथॉलॉजीकडे जाईल. आणि तिचा अहवाल रुग्णाच्या हाती देण्याची जबाबदारी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरवर, त्याच्या नावानिशी, राहील.

आपला विश्वासू,
एक पॅथॉलॉजिस्ट