जंताचे औषध तारखेवर नको, तपासून द्या

महोदय,

‘दर तीन महिन्यांनी सगळ्या जनावरांना जंताचे औषध पाजा’ हा सल्ला आपल्या शेतीपानावर पुन्हा वाचला. मीही शेळ्यांना अनेक वर्षे तसेच पाजत होतो. औषध लागू पडेनासे झाले, तेव्हा डोळे उघडले.

औषधातून वाचतात तेच जंत पुढे अंडी घालतात. अख्ख्या कळपाला एकाच दिवशी पाजले की चरण्याच्या जागेवर उरते ती त्याच चिवट जंतांची पिलावळ. वरून लगेच नव्या, स्वच्छ कुरणात सोडायचे, म्हणजे तिथे दुसरे कोणी उरायलाच नको! म्हणून धडधाकट मोठी जनावरे मुद्दाम औषधाविना ठेवतात. त्यांच्यातल्या साध्या जंतांमुळे चिवटांचे प्रमाण कमी राहते.

ही भीती जुनीच आहे. थायाबेंडाझोल हे जंतनाशक १९६१ मध्ये आले आणि १९६४ मध्येच मेंढ्यांतला रक्तपित्या जंत हिमोंकस त्याला दाद देत नसल्याची नोंद झाली. मोनेपँटेल २००९ मध्ये बाजारात आले, त्याचीही २०१३ पर्यंत तीच गत. नवे औषध येईल या भरवशावर किती दिवस काढणार?

आमची मोठी चूक डोसाची. वजन नजरेने ठरवायचे आणि शेळीला मेंढीचाच डोस द्यायचा. शेळीच्या शरीरातून बरीच जंतनाशके लवकर निघून जातात, त्यामुळे तो अपुरा पडतो. पण म्हणून मनाने वाढवू नये. लेव्हामिसोल हे जंतनाशक थोडे जास्त झाले तरी विषबाधा होते. डॉक्टरांनाच विचारावे.

लेंड्यांतली अंडी औषधाआधी आणि नंतर १० ते १४ दिवसांनी मोजून घ्यावीत. मेंढ्या-शेळ्यांत घट ९५ टक्क्यांहून कमी असेल तर औषधावर संशय घ्यावा. खालच्या पापणीचा आतला रंग पांढुरका पडला तर हिमोंकसचा अंदाज येतो, रक्त न पिणाऱ्या जंतांचा मात्र नाही.

कुत्रेवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांमध्ये तीन गटांच्या औषधांना न जुमानणारे हुकवर्म (आतड्यातले जंत) सापडले आहेत. अर्थात औषधानंतर पुन्हा अंडी दिसली म्हणजे जंत औषधाला दाद देत नाहीत, असेच नाही. स्नायूंत दडलेल्या अळ्याही आतड्यात परततात. विष्ठा रोजच्या रोज उचलली तर अंड्यांतून अळ्या तयार व्हायला वेळच मिळत नाही.

तो सल्ला पुन्हा छापणार असाल, तर ‘तीन महिन्यांनी’च्या जागी ‘लेंडी तपासून’ एवढा बदल करावा, ही विनंती.

– एक शेळीपालक वाचक