क्रँकचा कोपरा राखणाऱ्या मिस्त्री काकांना

मिस्त्री काका, नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, म्हणून हे पत्र उघडंच लिहितो. वणीतलं कोणीतरी वाचून दाखवेलच.

पेरणी तोंडावर होती, दुकानात घासायला आलेले ट्रॅक्टरचे क्रँक, म्हणजे पिस्टनच्या चालीनं फिरणारे इंजिनातले दांडे, ओळीनं पडलेले. त्यात मी मारुती जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन घेऊन आलो. पाइप वेल्ड करून घरी बनवलेली दोन सीटांची गाडी, वजन जेमतेम ६०० किलो, तिच्यासाठी स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, वाढवायचाय म्हणालो. तुम्ही हसला नाहीत. बाकी सगळे हसले होते.

हिशोब माझा तयार होता. रॉडचं जर्नल, म्हणजे क्रँकवर पिस्टनचा रॉड बसतो तो गोल भाग, ४२ मिमीवरून ३८ वर आणायचं, पण मध्य २ मिमी बाहेर सरकवून. मग स्ट्रोक ७५.५ चा ७९.५ होतो आणि ७४ च्या बोअरला (सिलिंडरच्या व्यासाला) साधारण १३६८ सीसी मिळतात. शहरातल्या एका वर्कशॉपनं कागदावरची मापं पाहून पहिला क्रँक तसाच घासून दिला होता. तुम्ही तो उचलला, जर्नलच्या कोपऱ्यात नख फिरवलं आणि म्हणालात, "गोलाई कुठी हाय? हा इथूनच तुटन, बाप्पा."

७००० आरपीएमला तुटला असता तर काय झालं असतं, ते मला त्या रात्री झोपताना सुचलं.

दुसऱ्या क्रँकला तुम्ही आधी घासायच्या दगडाच्याच कडा डायमंडनं गोल केल्या, म्हणजे जर्नलच्या कोपऱ्यात तीच गोलाई उतरते. मधे दोनदा लाइट गेली. ऑइलच्या भोकाची धार मात्र हातानंच मोडलीत, त्याला अर्धा तास.

स्ट्रोक वाढला की पिस्टन वर २ मिमी जास्त चढतो, म्हणून पिनचं भोक वर असलेले पिस्टन मी आणलेच होते. ते व्हॉल्व्हला, म्हणजे वरच्या हेडमधल्या झडपांना, लागतात का, हे पाहायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. तुम्ही नातवाच्या दप्तरातली हिरवी क्ले काढून पिस्टनवर थापली, वर हेड बसवून घट्ट केलं, व्हॉल्व्हचं टायमिंग बसवून क्रँक हातानं दोन फेरे फिरवला. हेड उघडून क्ले ब्लेडनं कापली, तर इनटेक व्हॉल्व्हकडे (हवा आत घेणाऱ्या) जागा उरलेली फक्त १.२ मिमी. "इतक्यात नाही भागत." पिस्टनवरचे व्हॉल्व्हसाठीचे खळगे खोल केलेत तेव्हा कुठे तुमचं समाधान झालं.

पैसे ट्रॅक्टरच्या रेटनं घेतलेत. त्यावर आपलं भांडण बाकी आहे.

गाडी रस्त्यावर काढलेली नाही, आमच्या पडीत वावरातच फिरवतो. नातवासाठी क्लेचा नवा डबा पाठवतोय. हिरवा रंग दोनदा घातलाय.

तुमचा,
जिप्सीवाला पोट्टा