किडनीच्या पेशंटला पोट साफ होतं का, हे पण विचारा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक किडनी दिन असतो, तेव्हा पेपरात मीठ कमी खा, शुगर-बीपी तपासा असं छापून येतं, ते बरोबरच आहे. पण ज्यांची किडनी आधीच गेलीय त्यांच्या घरात रोज सकाळी जी गोष्ट सगळ्यात जास्त छळते तिच्याबद्दल कधी वाचायला मिळत नाही. ती म्हणजे पोट साफ न होणं. विषय असा आहे की चारचौघात कोण बोलत नाही, म्हणूनच मुद्दाम लिहितोय.

आमचे आबा ७२ वर्षांचे. शुगर २० वर्षांपासूनची, त्यात किडनी गेली आणि आता दोन वर्षं झाली सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस चालू आहे. तरुणपणी खासबागेत कुस्ती केलेला माणूस, दुखलं खुपलं तरी तोंडातून शब्द काढायचा नाही. पहाटे साडेचारला संडासाची कडी वाजायची आणि पाऊण-पाऊण तास आत. बाहेर यायचे ते घामानं डबडबलेले, फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला नस जोडून घेतलेला हात छातीशी धरून दुसऱ्या हातानं भिंत धरत, आणि येऊन गप चहा मागायचे. आम्हाला वाटायचं वय झालं, होतंय असं.

मग एका सोमवारी रक्ताचा रिपोर्ट आला, पोटॅशियम ६.९, म्हणजे हृदयाला धोका होईल इतकं जास्त. लगेच ईसीजी काढला आणि घाईनं मशीनवर घेतलं. शुक्रवार ते सोमवार मोठी गॅप असते त्यामुळं सोमवारी थोडं वाढलेलं असतंच पण एवढं कधी नव्हतं. डॉक्टर चिडले, काय खायला घातलं, शहाळं दिलं का, केळी दिली का. आई अंबाबाईची शपथ घेऊन सांगत होती की भात, दुधी आणि दोन बिस्किटं यापलीकडं काही दिलं नाही, आणि ते खरंच होतं. तेवढ्यात मशीनपाशी उभ्या असलेल्या सिस्टरनी वाकून विचारलं, "आबा, परसाकडला कवा गेलता?" आबा काही बोलले नाहीत. मोकळ्या हाताची चार बोटं वर केली.

चार दिवस! आणि घरात आम्हा कुणाला माहीत नव्हतं.

त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की किडनी चांगली असते तेव्हा पोटॅशियम जवळजवळ सगळं लघवीतनं जातं, पण किडनी गेली की मोठं आतडं तिचं काम थोडं अंगावर घेतं आणि खाल्लेल्या पोटॅशियमचा अगदी चौथ्या हिश्श्यापर्यंत भाग संडासवाटे बाहेर पडू शकतो. म्हणजे ज्याची किडनी बंद त्याच्यासाठी ही एक चालू असलेली वाट आहे, आणि तीच तुंबली तर काहीही वेगळं न खाता रिपोर्ट वाढू शकतो. दुसरं असं की अन्न आतड्यात जास्त वेळ पडून राहिलं की तिथले जिवाणू प्रोटीन कुजवायला लागतात, त्यातनं पी-क्रेसिल सल्फेट, इंडॉक्सिल सल्फेट असली विषारी द्रव्यं तयार होतात आणि ती रक्तातल्या प्रोटीनला चिकटून फिरतात त्यामुळं डायलिसिसच्या फिल्टरमधनं नीट निघत नाहीत. जिवाणूंना फायबर मिळालं, म्हणजे आपला कोंडा, साल, चोथा, तर ते त्याच्यावर जगतात आणि ही घाण कमी होते. हे सगळं आम्हाला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर?

त्याऐवजी आम्हाला काय मिळालं तर "खाऊ नये" अशी एक यादी. फ्रिजवर अजून चिकटवलेली आहे. फळं नको, पालेभाजी नको, डाळ-कडधान्य बेतानं, पाणी दिवसाला लिटरभर, त्यातच चहा आणि आमटी धरायची. यादी चुकीची नव्हती, पण काय खायचं ते कुठंच नव्हतं. मग आई घाबरून एकेक बंद करत गेली. मिसळ बंद करताना मटकी पण बंद, भाकरीत पोटॅशियम-फॉस्फरस असतं असं कुणीतरी सांगितलं म्हणून भाकरी बंद, आणि शेवटी ताटात उरला पांढरा भात, साबुदाणा, मैद्याची बिस्किटं. माणसाला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम फायबर लागतं. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात ते १० ग्रॅमच्या आसपास, नाचणीत ११ च्या आसपास, आणि पॉलिशच्या तांदळात जेमतेम ३ ग्रॅम. जन्मभर भाकरी खाल्लेल्या माणसाचं आतडं आम्ही भातावर आणून ठेवलं.

वर गोळ्या. फॉस्फरस कमी करायला जेवणाबरोबर घ्यायच्या कॅल्शियमच्या किंवा सेव्हेलॅमरच्या गोळ्या पोट बांधून ठेवतात, लोहाच्या गोळ्यांनी तेच होतं, पोटॅशियम उतरवायची पावडर देतात तिच्यानंही तेच. जुन्या शुगरनं आतड्याच्या नसा मंद झालेल्या असतात ते वेगळंच. आणि डायलिसिसचे चार तास! हातात सुया, मध्येच जायचं म्हटलं तर मशीन थांबवून रक्त परत देऊन सगळं सोडवायचं, परत जोडायचं. सिस्टरला कसं सांगायचं म्हणून माणसं दाबून ठेवतात आणि कळ एकदा दाबली की गेली. आबांच्या शेजारच्या बेडवरचे एक काका तर मशीनच्या दिवशी सकाळपासून काही खातच नाहीत, मध्येच लागू नये म्हणून.

यात मी स्वतः एक चूक केली ती सांगतो, कारण बरेच जण तीच करत असणार. मेडिकलमध्ये जाऊन "पोट साफ व्हायला काहीतरी द्या" म्हटलं, त्यांनी पांढरं पातळ औषध दिलं, मिल्क ऑफ मॅग्नेशिया. पेशंट डायलिसिसचा आहे हे मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. नंतर कळलं की त्यातलं मॅग्नेशियम किडनीशिवाय बाहेर पडत नाही, अंगात साठतं आणि नसांवर, हृदयावर परिणाम करतं. फॉस्फेटचा एनिमा पण अशा पेशंटला धोक्याचा. इसबगोल चालतं म्हणतात, पण त्याला भरपूर पाणी लागतं आणि आपल्या पेशंटला पाणी मोजून, कमी पाण्यात घेतलं तर ते आतच गोळा होऊन बसतं. चूर्णांमध्ये सैंधव असतं, तेही शेवटी मीठच. कमी सोडियमचं म्हणून जे महाग मीठ मिळतं त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, ते तर घरातही आणू नका. आबांना आता डॉक्टरांनीच लॅक्ट्युलोज नावाचं पोट साफ व्हायचं औषध लिहून दिलंय, तेही मापात.

त्या प्रसंगानंतर एका आहारतज्ज्ञ मॅडमकडं गेलो. त्यांनी पाऊण तास दिला आणि आईला विचारलं, तुमच्या घरी काय करता ते सांगा. भाकरी परत चालू केली, दिवसाला दोन, पिठाचं वजन करून. भाकरीत भातापेक्षा पोटॅशियम जास्त आहे हे त्यांनी लपवलं नाही, ते दुसरीकडनं कमी केलं. ज्वारीतला फॉस्फरस फायटेट नावाच्या धान्यातल्याच द्रव्यात अडकलेला असतो, अंगाला निम्म्याहून कमी लागतो, उलट बिस्किटं, कोल्ड्रिंक, पॅकेटच्या पदार्थांत वरनं घातलेला फॉस्फरस जवळजवळ सगळा लागतो, म्हणून बिस्किटं बंद. दोडका, कोबी, भेंडी, पडवळ चालू. भाज्या बारीक चिरून कोमट पाण्यात भिजत ठेवायच्या, भरपूर पाण्यात उकडायच्या आणि ते पाणी टाकून द्यायचं, त्यात पोटॅशियम उतरतं म्हणून. पहिल्या दिवशी ते पाणी मोरीत ओतताना आईचा हात अडखळला, आयुष्यभर "भाजीचं पाणी टाकू नये, सत्त्व जातं" असं आम्हाला सांगत आलेली बाई. मोड आलेली मटकी उकडून, पाणी काढून, आठवड्यातनं दोनदा अर्धी वाटी. सफरचंद सालासकट अर्धं. कांदा-लसूण चटणी मात्र बिनमिठाची वेगळी कुटतो, तेवढी दिली की आबा जेवतात. जेवण झालं की गल्लीतनं दहा मिनिटं चालणं.

हे माप आबांच्या रिपोर्टवरनं ठरलंय, दुसऱ्यांनी तसंच्या तसं उचलू नये, आपल्या डॉक्टरला विचारावं. पण गेले चार महिने आबांना एक दिवसाआड तरी साफ होतंय आणि मागच्या सोमवारी पोटॅशियम ५.१ आलं.

किडनीच्या डॉक्टरांची केडिगो म्हणून जागतिक संस्था आहे, तिच्या २०२४ च्या गाईडलाईनमध्ये पण मांसाहारापेक्षा वनस्पतीजन्य आहार जास्त आणि पॅकेटचे प्रोसेस्ड पदार्थ कमी असंच सांगितलंय. कोल्हापुरात घरोघरी ज्वारीची भाकरी आहे, फक्त पेशंटच्या ताटात ती किती वाढायची ते सांगणारं माणूस पाहिजे.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस होतं, त्यामुळं आमच्यासारख्या कितीतरी घरांवरचा बोजा हलका झालाय, त्याबद्दल मनापासून आभार. त्याच्या जोडीला जिल्ह्यातल्या प्रत्येक डायलिसिस सेंटरला, सरकारी असो नाहीतर खाजगी, आठवड्यातनं एक दिवस तरी आहारतज्ज्ञ बसावा. वजन-बीपी लिहितात त्या कागदावर "शेवटचं पोट कधी साफ झालं" असा एक रकाना वाढवावा, त्याला पैसे लागत नाहीत. आणि तुमच्या आरोग्य पुरवणीत आपल्या जेवणाचा किडनीचा तक्ता एकदा द्या, कुणा जाणकार आहारतज्ज्ञाकडनं तपासून घेऊन, ज्यात ओट्स-ब्रोकोली नको, भाकरी, दोडका, मटकी, नाचणीचं आंबील असं असेल. आईनं वहीत चार महिन्यांचं रोजचं वजन-माप लिहून ठेवलंय, उपयोग होणार असेल तर झेरॉक्स आणून देतो.

आपला,
एक वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर